मारोतरावाचं हॉटेल आणि भुयारी रस्ता

सोयाबीनचं खळं झालं की भुस्कट आठवडाभर अंगाला खाजवतं. आमच्या गावातून चौपदरी रस्ता गेला, तेव्हापासून किस्स्यांचंही तसंच झालंय. झटकावे तेवढे चिकटतात. यातलं निम्मं मी डोळ्यांनी बघितलंय. उरलेलं मी खात्रीनं सांगू शकतो.

रस्ता गावाच्या बरोबर मधून गेला. शाळा, देऊळ, जुनी घरं अलीकडं. मारोतरावाचं चहाचं हॉटेल आणि नवी वस्ती पलीकडं. मधे छातीएवढा दुभाजक. चहा पिणारे बहुतेक अलीकडचे, त्यामुळं हॉटेल बसलं. मारोतराव म्हणायचा, "ओलांडायची सोय झाली न्हाई तर माझी भट्टी विझलीच समजा."

*

बबनकाका हट्टी. चहा पिईन तर मारोतरावाचाच, म्हणून मोटारसायकल काढली. वळायला जागा सापडेना. पुढं, अजून पुढं करत कळमनुरी आली. बाजाराचा दिवस होता. काकांनी तिथंच चहा मारला, वांगी घेतली आणि घरी आले.

मारोतरावानं पलीकडून ओरडून विचारलं, "काका, आलेच न्हाई?"

"तुझ्याकडंच निघालो होतो गा. रस्त्यानं ऐकलं न्हाई."

*

मग मारोतरावानं खुणा ठरवल्या. अलीकडून जितके हात वर, तितके कप. तो दुभाजकापर्यंत आणून देणार.

पहिल्याच सकाळी शाळेच्या मैदानात कवायत सुरू झाली. सगळ्या वर्गांनी दोन्ही हात वर केले. मारोतरावानं लग्नातलं पातेलं चढवलं!

तो चहा शेवटी घरच्यांनीच संपवला. त्या घरात दोन दिवस कुणाचा डोळा लागला नाही.

*

शेवटी शहरातून एक मॅडम आल्या. तुटलेली गावं जोडायचं डिझाइन करतात म्हणे. रस्त्याखालून भुयारी वाट मंजूर झाली होती. ती कुठून काढायची, एवढंच ठरायचं होतं. मॅडमनी चुना वाटला आणि सांगितलं, रोज जिथून चालता तिथं रेष ओढा.

प्रत्येकाची रेष स्वतःच्या दारावरून गेली. खाटेवरून न उठणाऱ्या आबांनी तर सुनेकडून रेष खाटेपर्यंत आणवली. म्हणाले, "वाटच इकडं आली तर मला जायची तकलीफ न्हाई."

मारोतरावाची रेष हॉटेलातून निघाली, गावातल्या प्रत्येक घराला शिवली आणि हॉटेलातच परत आली. मॅडमनी विचारलं, "तुम्ही चहा विकता की टपाल वाटता?"

*

मॅडमनी चुना बंद केला. म्हणाल्या, "माणसं खोटं चालतात. तुमच्या म्हशी कुठून जातात ते उद्या बघू."

मारोतरावाच्या डोक्यात उजेड पडला. दुसऱ्या दिवशी त्यानं हॉटेलात भट्टीजवळ सरकी पेंडीचं टोपलं ठेवलं. पलीकडच्या रानातून चरून परतणाऱ्या म्हशींना वास लागला. सगळा कळप सरळ हॉटेलात. एकीनं तर गल्ल्यापाशी उभं राहून बरणीतली खारी खाल्ली.

मॅडम खूश. त्यांनी भट्टीच्या शेजारी लाल झेंडी रोवली. "भुयाराचं तोंड बरोबर इथं. हॉटेल तेवढं पाडावं लागेल."

मारोतराव पायरीवर बसला. शेजारी म्हैस टोपलं चाटून राहिली होती.

*

भुयार झालं, आणि झालं झकास. रुंद, वरून उजेड येतो, दोन्ही बाजूंनी बसायला कट्टे. हॉटेल गेलेल्या मारोतरावानं हातगाडी केली आणि पार मधोमध, रस्त्याच्या पोटाखाली लावली.

पुढं मॅडम काम बघायला आल्या. गाव जोडलं गेल्याचा, माणूस इकडून तिकडं जातानाचा एक फोटो त्यांना हवा होता. सकाळपासून कॅमेरा धरून उभ्या. अलीकडचे आत येत, चहा पीत, गप्पा मारत आणि अलीकडंच परत जात. पलीकडच्यांचंही तेच. बबनकाका तर तिथंच आडवे झालेले.

उन्हं वर आली तेव्हा मॅडम वैतागून मारोतरावाकडं आल्या. "अहो, एवढी वाट केली, अन् पलीकडं कुणी जातच कसं नाही?"

मारोतराव चहा गाळत म्हणाला, "जाऊन काय करावं मॅडम? पलीकडचे सगळे तर इथंच येऊन बसलेत."