पाणी नको होतं

लग्न ठरलं तेव्हा नवऱ्या मुलाच्या मावशीने विचारलं होतं, "मुलगी करते काय?" तो म्हणाला, "गणितात संशोधन करते. तिचा विषय लहरी." मावशीला ऐकू कमी यायचं आणि समजायचं जास्त. तिने घरभर सांगून टाकलं, मुलगी शिकलेली आहे, पण लहरी आहे, जरा सांभाळून घ्या. तेव्हापासून सासरी तिचं नाव लहरी पडलं ते पडलंच.

खरं तर तिच्याइतकी एकमार्गी बाई शोधून सापडली नसती. इतक्या वर्षांत तिने ना चहाचा कप बदलला, ना खुर्ची. पेन्सिलीला टोकसुद्धा ब्लेडनेच काढायची, यंत्राने काढलेलं तिला चालायचं नाही. दिवसा ती इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवायची आणि पहाटे, घर जागं व्हायच्या आत, आपल्या लहरी घेऊन बसायची. लोखंडाच्या कांबीला एका टोकाला ठोकलं तर तो धक्का दुसऱ्या टोकाला कधी पोचतो, किती पोचतो, मधे भेग असली तर काय होतं, हे समीकरणांतून काढायचं, हे तिचं काम. भाड्याचं घर बघायला गेली तरी फरशांवर बोटाने ठोकत फिरायची आणि पोकळ निघालेली फरशी घरमालकाला दाखवायची. नवरा तेवढा वेळ दुसरीकडे बघत उभा राहायचा.

सासूबाईंनी एकदा तिला विचारलं होतं, "तू नेमकं करतेस तरी काय गं?" त्या घरी बायकांचे कपडे शिवायच्या, हातात तेव्हाही एक ब्लाऊज होताच.

"एक ठोका म्हणजे एकच आवाज नसतो, आई. त्यात बारीकमोठे पुष्कळ सूर एकत्र असतात. मी तो ठोका उसवते. एकेका सुराचं गणित सोडवते, आणि मग सगळे परत जोडते."

"म्हणजे माझंच काम की. उसवायचं आणि शिवायचं." त्यांनी दाताने दोरा तोडला. "आणि ठोकायचं कशाला मुळात?"

"आत काय आहे ते दिसत नाही ना. म्हणून ठोकायचं, आणि परत काय येतं ते ऐकायचं."

हे बोलणं झालं तेव्हा लहरीचा प्रबंध अर्धा झाला होता आणि मुलगी तान्ही होती. सासूबाईंनी मशीनच्या पायाशी चिंध्यांच्या टोपलीत चादर घालून नातीची सोय केली होती. "तू तुझं उसव, मी हिला बघते," एवढंच म्हणाल्या. टोमणा नाही, उपकाराची भाषा नाही. त्या मशीनच्या खडखडाटात मुलगी गाढ झोपायची आणि मशीन थांबलं की रडायची. प्रबंध पुरा झाला तो त्या टोपलीच्या जोरावर, हे लहरी कुणाला बोलून दाखवायची नाही, पण विसरलीही नव्हती.

आता ती मुलगी शिकायला परगावी होती. सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, डावं मनगट मोडलं, आणि मुलाने त्यांना एकटं ठेवायचं नाही असं ठरवलं. त्यांची भाड्याची खोली सोडली, मशीन विकलं. येताना त्यांनी एका पिशवीत कात्री, रिळं आणि अंगुस्तान आणलं. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती पितळी टोपी. शिवायचं काही नसलं तरी ती त्यांच्या बोटात असायचीच.

लहरीच्या अभ्यासाच्या खोलीला लागून असलेली लहान खोली त्यांना दिली. मधे एका विटेची भिंत. या बाजूला लहरीचं टेबल, त्या बाजूला सासूबाईंची खाट.

"काही लागलं तर भिंतीवर ठोका, आई. मी पलीकडेच असते."

सासूबाईंचा चेहरा उजळला. "खरंच ठोकू?"

"म्हणजे काय. अर्ध्या हाकेला येते."

दुसऱ्या दिवशी पहाटे, लहरी नुकती कुठे एका ओळीत शिरत होती, तर भिंतीवर पितळेचा आवाज. टक टक. तिने पेन्सिल ठेवली, खुर्ची मागे सरकवली आणि धावत गेली.

"काय हवंय, आई?"

सासूबाई खाटेवर बसून होत्या. जरा गोंधळल्या. "काही नाही... पाणी दे जरा."

तांब्या उशाशी भरलेला होता. तरी तिने ताजं पाणी आणलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा टक टक, पुन्हा पाणी. मग कधी खिडकी लावून घे, कधी तीच उघड. रोज पहाटे एकदा तरी व्हायचंच. न प्यालेलं पाणी सासूबाई खिडकीतल्या कुंडीत ओतायच्या. झाडाची पानं पिवळी पडून गळायला लागली.

"ते झाड लवकरच पोहायला शिकेल," नवरा म्हणाला.

लहरीला मात्र हसू येत नव्हतं. तिचं गणित अडलं होतं. एकमेकांना चिकटवलेल्या दोन पत्र्यांमधून लहर कशी जाईल हे तिने मांडलं होतं आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याची मापं त्याच्याशी काही केल्या जुळेनात. जोडावर तिने दोन अटी घातल्या होत्या. या बाजूवर जेवढा दाब तेवढाच त्या बाजूवर, आणि ही बाजू जितकी हलेल तितकीच ती हलेल.

"मॅडम, गोंद आहे तो, वेल्डिंग नाही," सहकारी म्हणाला. "जरा ढील द्या त्याला."

तिला ते पटत होतं, पण ढील दिली की सगळं पहिल्यापासून मांडायला लागणार होतं. पहाटेचा तेवढाच वेळ होता, आणि त्यातही टक टक. ती सासूबाईंना कधी एका शब्दाने बोलली नाही. हसून जायची, हसून यायची. खुर्ची तेवढी दिवसेंदिवस जोरात सरकत होती.

एका संध्याकाळी सासूबाई मुलाला म्हणाल्या, "मला तुझ्या बहिणीकडे सोड."

नणंदेचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि दिवसभर घरात कुणी नाही. सासूबाई एकदा वर चढल्या की परत खाली उतरायच्या नाहीत, हे तिघांनाही कळत होतं.

"इथे काय कमी आहे, आई?" लहरीने विचारलं.

"कमी कशाला असेल. तुझ्या कामात माझा व्याप नको."

आत गेल्यावर नवऱ्याने हळूच विचारलं, "तू काही बोललीस का तिला?"

"मी? एक शब्द नाही बोलले."

"अच्छा," तो म्हणाला. "म्हणजे ऐकू गेलं तिला."

तो विनोद करत होता की नाही, हे तिला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

जायच्या आदल्या दुपारी सासूबाईंच्या जुन्या शेजारीणबाई भेटायला आल्या. दोघींच्या खोल्यांमधे एकच भिंत होती म्हणून घरात त्यांचं नाव पलीकडच्या काकू. लहरी चहा घेऊन आली तेव्हा काकूंचं बोलणं रंगात आलं होतं.

"अगं, तू गेलीस, पण माझ्या हाताला कुठे कळतंय? सकाळी उठले की गेला आपला भिंतीकडे. मारली टकटक. तर तो तुझ्या जागी आलेला मुलगा, तोंडात ब्रश, पाय अनवाणी, धावत माझ्या दारात. काय झालं आजी, काही हवंय का?"

"मग?" सासूबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

"मग काय सांगू त्याला, काही नकोय म्हणून? इतका धापा टाकत आलेला. म्हटलं, बाबा, तुझ्याकडे पाणी येतंय का?"

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना मोडका हात धरावा लागला. हसता हसता त्यांची नजर लहरीकडे गेली आणि हसू अर्ध्यात थांबलं.

लहरी ट्रे धरून तशीच उभी होती. "काकू, मग काय करायचं होतं त्याने?"

"उलट ठोकायचं, आणखी काय? एवढी वर्षं हिने तेच केलं. मी ठोकायचं, हिने ठोकायचं, की झालं. ही उठली, मी उठले. मग आपापल्या कामाला मोकळ्या. उठून कुणी यायचं नाही की बोलायचं नाही."

"चहा निवतोय," सासूबाई म्हणाल्या.

स्वयंपाकघरात येऊन लहरी ओट्याला टेकून उभी राहिली. ठोकायचं ते परत काय येतं हे ऐकण्यासाठी, हे याच बाईला तिनेच समजावलं होतं. आणि इतके दिवस त्या ठोकत होत्या तर ही पाण्याचे पेले घेऊन धावत होती. आणि त्या प्रत्येक ठोक्यानंतर भिंतीतून सासूबाईंना परत मिळत होतं काय, तर खुर्ची सरकल्याचा आवाज.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती टेबलापाशी बसली. सासूबाईंची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. पलीकडे खाट करकरली, म्हणजे त्या उठल्या होत्या. लहरी वाट बघत राहिली. भिंत गप्प होती.

तिने पेन्सिल उलटी धरली आणि मागच्या टोकाने ठोकलं. टक टक.

काही नाही. जोरात लागलं का, की ऐकूच गेलं नाही, की ऐकू जाऊनही. आयुष्यभर तिने इकडून काय गेलं की तिकडून काय येईल हे कागदावर काढलं होतं. या भिंतीचं तिला काहीच सांगता येईना.

मग पितळेचा आवाज आला. टक टक.

तिचा हात सवयीने खुर्चीच्या दांडीवर गेला होता. तिने तो उचलून मांडीवर ठेवला. उठली नाही. डोळे पुसले, पुढ्यातल्या कागदावरची पहिली अट तशीच ठेवली, दाब दोन्हीकडे सारखा. दुसरी खोडली. हलायचं ते ज्याचं त्याने, थोडं मागेपुढे झालं तर झालं.

उजाडल्यावर नवरा गाडीची किल्ली घेऊन आला. "आई, निघायचं ना?"

सासूबाई पिशवीतून कात्री बाहेर काढत होत्या. "आज राहू दे. हिच्या चादरीचा काठ उसवलाय, तो आधी शिवते."

"आणि ताईला काय सांगू?"

"सांग, आई लहरी आहे." मग त्यांनी खिडकीकडे बघितलं. "आणि त्या झाडाला आता कुणी पाणी घालू नका रे. वाचलं तर वाचेल."