चौकटीतलं वाक्य

"ही घ्या स्वच्छ कॉपी," साहेब म्हणाले आणि जुनी कॉपी माझ्या टेबलावर टाकली. "तुमच्या लाल रेघोट्यांनी पार घाण झाली होती."

नगरच्या एका छापखान्यात मी फोरमन होतो. साहेब ज्वारीचं बियाणं वाटणाऱ्या संस्थेचे. बियाण्याबरोबर वाटायचं पत्रक त्यांचं.

त्या रेघोट्या म्हणजे माझ्या खुणा. हा मथळा, हे साधं, एवढं ठळक आणि चौकटीत. खिळे जुळवणारा जुळारी अर्थ लावत बसत नाही, खुणा बघून टाइप उचलतो. चौकटीत एकच वाक्य होतं. बियाण्याला विषारी औषध लावलंय, धुऊनसुद्धा खाऊ नका.

साहेबांनी ऑफिसात सगळं टाइप करून घेतलं. टाइपरायटरला सगळी अक्षरं सारखीच. खुणा गळाल्या आणि ते वाक्य पेरणीच्या माहितीमागे, परिच्छेदाच्या पोटात गेलं.

"अण्णा, चौकट कुटं गेली?" आमचा जुळारी गहिनी म्हणाला. तो खर्ड्याकडचा, घरचे तिकडेच शेती करायचे.

मी साहेबांना विचारलं.

"मजकूर सगळा आहे ना? मग झालं. मंजूर कॉपी आहे, काना-मात्रा हलवायची नाही."

मालकांशी भांडलो. "गिऱ्हाईक म्हणतंय तसं छापायचं," ते म्हणाले. प्रूफवर मी सही केली नाही. मालकांनी केली.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. पेरायला ओल नव्हती, घरात दाणा नव्हता. बियाणं तेवढं होतं. गहिनीच्या भावजयीने ते चांगलं धुतलं आणि दळलं. गहिनीची आई गेली.

कामावर परतला तेव्हा तो टाइपाच्या खणांपाशी नुसता उभा राहिला. "भावानं वाचलं हुतं पत्रक. पेरनीचं आलं तसं ठिवून दिलं. पेरायचंच न्हाई तर फुडं कशाला वाचंल, अण्णा?"

मला साहेबांची गचांडी धरावीशी वाटली.

थोड्याच दिवसांत तेच आले, पत्रक पुन्हा छापायला. "तो इशारा मोठा घ्या. चौकटीत. पहिल्याच वेळी तुमच्या डोक्यात कसं आलं नाही?"

मी ड्रॉवरमधून लाल खुणांची कॉपी काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती बघितली. आवाज खाली आणून म्हणाले, "ही आता ठेवू नका."

चौकट गहिनीनेच जुळवली. रेघा त्याने मी सांगितल्याहून जाड घेतल्या. मी अडवलं नाही.

पुढे निवृत्त होईपर्यंत, कुणी स्वच्छ कॉपी आणली की मी आधी जुनी मागून घ्यायचो. साहेबांनी टाकलेली ती कॉपी अजून माझ्याकडे आहे.