बोटं चाखलेली मोटर

चितेगावातला सांडू मिस्त्री भित्रा आहे ही बातमी कुणी पसरवली, हे शेजारच्या गोजरबाईला विचारू नका. ती देवाची शपथ घेऊन कानावर हात ठेवेल आणि मग तीच गोष्ट तिखटमीठ लावून पहिल्यापासून सांगेल.

खरं तर सांडू विंचवाला भ्यायचा नाही की सापाला. भ्यायचा तो गरगर फिरणाऱ्या चाकाला. तरुणपणी एका कंपनीत शेजारच्या माणसाचा हात रंध्याच्या मशीनमध्ये गेलेला त्यानं पाहिला होता. त्यानं कंपनी सोडली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडात हातरंधा धरला. पाट, चौरंग आणि मुख्य म्हणजे शिसवीचे पोळपाट. संभाजीनगरात गुलमंडीवरच्या भांड्यांच्या दुकानात बायका त्याचा पोळपाट फरशीवर ठेवून दाबून बघत. कधी डुगडुगला नाही.

पण पन्नाशी उलटली आणि उजवा खांदा रुसला. रंधा अर्ध्या फळीवरच थांबायला लागला. फळी एकसारख्या जाडीची झाली नाही तर पोळपाट डुगडुगणार, आणि डुगडुगता पोळपाट कोण नेईल? आता एक तर मशीन, नाहीतर धंद्याला कुलूप.

विकतच्या मशीनची पाती बघूनच सांडूला घाम फुटला. म्हणून त्यानं बिनपात्याचं मशीन घरीच करायला घेतलं. प्लायवूडच्या गोल चकत्या लोखंडी दांड्यात ओवून मांडीएवढं जाड लाटणं केलं. त्यावर कापडी पॉलिश पेपर पिळा देत गुंडाळला. खाली जुन्या दाराचं टेबल, बोल्ट फिरवला की वर सरकणारं. फळी एका बाजूनं लाटण्याखाली ढकलायची, ती घासून सपाट होत दुसऱ्या बाजूनं निघणार. ढकलायला सांडू, पलीकडे धरायला बायको द्वारकाबाई. लाटणं फिरायचं ते सांडूच्या दिशेनं. ते फळीला मागं रेटणार, सांडूनं पुढं रेटायची. म्हणून तर फळी ताब्यात राहायची.

राहिली मोटर. ती गंगापूरहून मेव्हणा सुदर्शन जीपमध्ये घालून घेऊन आला. जुन्या कडबाकुट्टीची.

"दाजी, जपून बरं का," तो हात वर करून हसत म्हणाला. हाताची दोन बोटं शेंड्याकडून गायब. "हिनं चाखलेली हायेत."

"काय बी सांगतो!" द्वारकाबाई फिसकारली. "मोटरीनं नाय, कुट्टीच्या पात्यानं कापली. अन् हात तूच घातला व्हतास."

पण सांडूनं स्वतःची बोटं मोजून घेतलीच. मोटर बसवली, पट्टा चढवला, कुंकू लावलं, लिंबू-मिरची टांगली. बटण काही दाबवेना. आज अमावस्या, उद्या खांदा, परवा बेअरिंगला तेल.

"सांडू, तिला बघायला पाव्हणे यायचेत का रं?" गोजरबाई दारातून विचारायची. "नुसती नटवून ठिवलीस!"

शेवटी द्वारकाबाईनंच पदर खोचून बटण दाबलं. लाटणं घूं करत फिरलं, भुशाचा फवारा सांडूच्या छातीवर आला आणि फळी पलीकडे निघाली ती आरशासारखी. तेव्हापासून काम सुरू झालं. भीती मात्र तिथंच. सांडू फळीला हात लावायचा नाही, लांब काठीनं ढकलायचा. प्रत्येक फळीनंतर मूठ उघडून बोटं बघायचा. मोटरीकडे पाठ म्हणून करायचा नाही.

एकदा वावटळ उठली आणि डीपीवरची लाइन तुटली. दुपारी वायरमननं जोडून दिली. लाइट आल्या आल्या गोजरबाई ज्वारीचा डबा घेऊन हजर; घरापुढची पिठाची गिरणी द्वारकाबाईची. सांडूनं फळी लावून हाक मारली, "येतीस का गं?"

"दळण टाकलंय. थांबा जरा!"

गोजरबाई कशाला गप्प बसते? "बायकोबिगर बटण बी दाबंना व्हय रं तुला?"

हे मात्र सांडूला झोंबलं. त्यानं दात आवळून बटण दाबलं. घूं झालं. रोजच्यासारखा लाटण्यावरचा जुना भुसा अंगावर उडाला नाही. उलट बरंच वाटलं त्याला. आज मोटर शहाण्यासारखी वागते म्हणायची. काठी लावून त्यानं फळी पुढं सारली.

हिसका बसला. काठी हातातून गेली. फळी लाटण्याखालून सुटली आणि समोर धाडकन आवाज झाला.

"बंद करा! अहो, बंद करा!" द्वारकाबाई पिठाच्या हातांनी धावत आली. "गिरणी उलटी फिरतीया! पीठ नाय, नुसता भरडा पडतोय. तारा उलट्या जोडल्यात त्या मेल्या वायरमननं, तुमची मोटर बी उलटीच फिरत असंल!"

सांडूनं बटण कसं बंद केलं, त्याला आठवत नाही. दोघंही समोरच्या पत्र्याकडे बघत राहिले. पत्रा फाडून फळी अर्धी बाहेर गेली होती. द्वारकाबाई रोज उभी राहायची तिथंच, तिच्या पोटाच्या उंचीला.

सांडूनं आयुष्यभर स्वतःची बोटं मोजली. पलीकडं कोण उभं असतं, हे एकदाही मनात आलं नव्हतं. दारातली गोजरबाई टोमणा न मारता, डबा न घेताच घरी गेली. चितेगावात हेसुद्धा पहिल्यांदाच घडलं.

तारा बदलून झाल्या तरी सांडूनं बरेच दिवस शेडाची कडी काढली नाही. पण खांदा काही तरणा होईना. आता पलीकडे कुणी उभं राहत नाही; फळी भुशाच्या पोत्यांवर पडते. पत्र्याचं भोक त्यानं बुजवू दिलेलं नाही. रोज सकाळी आधी गिरणी चालू होते. द्वारकाबाई मूठभर ज्वारी टाकते, पीठ बोटांत चोळून बघते आणि ओरडते, "सरळ हाय हो!"

गाव हसतं, बायको हो म्हटल्याशिवाय मिस्त्रीची मोटर फिरत नाही म्हणतं. सांडू ऐकून घेतो. बटणावर बोट ठेवतो, भोकाकडे बघतो.

"नीट बघितलं का?"

"बघितलं."

"परत बघ."

ती परत मूठभर ज्वारी टाकते.