फुकट टक्केवारी सांगणारा माणूस

उंब्रजच्या सर्व्हिस रोडवरच्या बिअर शॉपीत जोतीराम साळुंखे काउंटरला बसतो. फौजेत सतरा वर्षं काढली, त्यातली अकरा कॅन्टीनच्या स्टोअरमध्ये. एवढ्या बाटल्या हाताखालून गेल्या, पण एकीचंही झाकण त्याने स्वतःसाठी उघडलं नाही. त्याला नाद आहे तो लेबल वाचायचा. गिऱ्हाइकाने बाटली मागितली की जोतीराम ती फडक्याने पुसतो, डोळ्यांपासून हातभर लांब धरतो आणि सांगतो, ही साडेचार टक्के, ही पाच, ही आठ. आठवाली मोठी बाटली म्हणजे व्हिस्कीचे दोन मोठे पेग, हेही सांगतो. वर गाडी कोण चालवणार म्हणून विचारतो. टक्केवारी घेणारे गावात पुष्कळ, फुकट सांगणारा हा एकटाच, असं लोक म्हणतात. मालक मात्र वैतागतो, कारण एवढ्या चौकशीला कंटाळून काही गिऱ्हाइकं पुढच्या दुकानात जातात.

बायको रंगूबाई मालकाहून जास्त वैतागलेली. लग्नाची पंगत असो की दहाव्याचा घाट, चार पुरुष जमले की हा टक्के काढणार. म्हणून गेल्या मार्चमध्ये लेकीकडे माधवनगरला जाताना तिने एसटीतच बजावलं, व्याह्यांच्या दारात एक आकडा तोंडातून काढायचा नाही. जोतीरामने मान डोलावली.

लेक क्रांती घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायचं दुकान काढत होती. संध्याकाळी पाचला उद्घाटन. तिचे सासरे गुंडाआण्णा फीत कापून दोन शब्द बोलणार होते. आण्णांचा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे आवाज मोठा. पण चार माणसं गप्प बसून ऐकायला लागली की त्यांचे पाय लटपटायचे. त्यात दुकानाच्या नावाचा घोळ. क्रांतीला स्वतःचं नाव हवं होतं, आण्णांना त्यांच्या वडिलांचं. पेंटर दोनदा येऊन परत गेला आणि शेवटी दारावर कोराच पत्रा टांगला गेला.

भाषणाआधी घसा मोकळा करायला दोन बाटल्या आणा, पण हलक्या, असं आण्णांनी फोनवर सांगितलं होतं. जोतीरामने नीट विचार करून साडेचार टक्क्यांची काळी बिअर नेली. पिशवीतून त्या डांबरासारख्या बाटल्या निघाल्या आणि आण्णांचा चेहरा पडला.

"पाव्हणं, मला भाषण करायचं हाय, झोपायचं न्हाई."

रंग भाजलेल्या धान्याचा असतो, रंगावरून जोर कळत नाही, असं जोतीराम समजावू लागला. आण्णांनी त्याला चहाचा दाखला दिला. चहा काळा तेवढा कडक. बिअरचं वेगळं कसं असेल? त्यांनी काळ्या बाटल्या बाजूला सारल्या आणि भाच्याने फ्रीजमध्ये ठेवलेल्या दोन मोठ्या पिवळ्या काढल्या. उन्हासारखा स्वच्छ रंग. ही बायकापोरांची, हिने काही होत नाही, म्हणाले.

जोतीरामने लांबूनच लेबल वाचलं. आठ. दारात मेथी निवडत बसलेल्या रंगूबाईची नजर त्याच्यावरून हलत नव्हती. तरी राहवेना, तेव्हा तो आण्णांच्या कानाशी लागला.

"आण्णा, ह्यात आठ हाय."

"आठ कुठल्या? दोनच हायत की," म्हणत आण्णांनी पहिली उघडली.

पाचच्या ठोक्याला व्हिस्कीच्या चार मोठ्या पेगांएवढा माल पोटात घेऊन आण्णा फितीपुढे उभे राहिले. पाय लटपटत होते, पण आता भीतीने नव्हे. त्यांनी फीत कापली. मग दाराच्या तोरणाचा दोरा कापला. पेंटरच्या शर्टाकडे वळले तेव्हा क्रांतीने हळूच कात्री काढून घेतली.

मग आण्णा बोलू लागले. सुरुवात मागांपासून झाली, तिथून गाडी बायकोवर आली. हरणाबाईनं चाळीस वर्षं माझे शर्ट शिवले, आणि मी गावभर शिंप्याचे म्हणून सांगितले, असं त्यांनी कबूल केलं. गल्लीतल्या बायका वळून हरणाबाईकडे बघू लागल्या. हरणाबाईने पदर तोंडाला लावला.

"माझ्या बापाला सुईत दोरा ओवता येत नव्हता," आण्णा म्हणाले. "त्येचं नाव कशाला? दुकान सुनंचं, नाव सुनंचं."

आणि ते रडायला लागले. पेंटर रंगाचा डबा घेऊनच पेढा खायला आला होता. त्याला तिथल्या तिथे स्टुलावर चढवलं, आणि 'क्रांती ब्लाउज सेंटर' पुरं होईपर्यंत आण्णा स्टूल धरून उभे राहिले. खरं तर स्टुलानेच त्यांना धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा डोकं दाबत बाहेर आले तर पाटी समोर. मग काल आपण नेमकं काय प्यालो, असं त्यांनी जोतीरामला विचारलं. जोतीरामने रंगूबाईकडे पाहिलं. सांगा आता, ती म्हणाली. मग त्याने काळीचे साडेचार, पिवळीचे आठ, पेगांचा हिशेब, सगळं एका दमात सांगितलं.

"मग कालच का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं की. तुमी बाटल्या मोजल्या."

नाव पुसता येईल का, याचा आण्णांनी थोडा विचार केलेला दिसला. पण रंग ऑइलपेंटचा होता, गल्लीने कानांनी ऐकलं होतं, आणि हरणाबाई कधी नव्हे ती सकाळपासून गुणगुणत होती. ते गुमान बाकड्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने ब्लाउजपीस घेऊन एक बाई आली आणि दुकान कुणाचं म्हणून विचारू लागली. आण्णांनी मागावर सवय झालेल्या आवाजात तिला सांगितलं, "वाचता येतंय न्हवं? सुनंचं हाय माझ्या."