भिंतीकडे तोंड केलेली पुस्तकं

संध्याकाळी घरी आलो तर कपाटातली माझी कादंबरीमाला भिंतीकडे तोंड करून उभी होती. नावं आत, पानांच्या कडा बाहेर. मोजली तर अकराऐवजी दहाच भरली. उद्या मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणून ताईने ती फिरवली होती.

"पन्नाशीचा बाप राक्षसांच्या गोष्टी वाचतो, हे त्यांना कशाला दिसायला हवं?"

मी त्या कडांकडे बघत राहिलो. चौथ्या भागाची सगळ्यात काळपट. वडिलांच्या आजारपणात तोच हातात असायचा. एका लेखकाने उभं केलेलं हे जग, त्याच्या आकाशात दोन चंद्र. तिथल्या भरती-ओहोटीच्या वेळा मी कागदावर पडताळल्या आहेत. कुठल्याच भागात चूक नाही. इतका चोख माणूस मी का लपवू?

मी पुस्तकं सरळ करू लागलो.

"अरे, स्थळ हातचं जाईल!"

"जाऊ दे," म्हणालो आणि चरकलो. लग्न माझं नव्हतं.

मुलगी आतून आली. तिच्या हातात नववा भाग होता, मधे खूण घातलेला.

"आत्या, हा फिरवायचा राहिला होता तुझा," ती म्हणाली आणि तिने तो आठव्याशेजारी नाव बाहेर करून ठेवला.