बंद करता येईल असं गिरमिट

हिवाळ्यात गोठणाऱ्या टमरॅक तळ्यावरचा बर्फाचा रस्ता उघडायचा की नाही, हे बावीस हिवाळे आर्व्हो रौतिओ ठरवत असे. या कामाला पगार नव्हता, हुद्दाही नव्हता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो धक्क्यावरून निघायचा आणि पैलतीरावरच्या वस्तीपर्यंत तीन मैल चालत जायचा. दर दीडशे पावलांवर थांबून गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचा, पट्टी आत सोडून जाडी मोजायचा. अशी चाळीस भोकं. संध्याकाळी डुएन स्टेनरूडच्या दुकानाच्या दारावर एक कागद लागायचा. त्यावर ‘उघडा’ किंवा ‘बंद’ एवढाच एक शब्द असायचा. ‘उघडा’ असला की लोक घरातली वाळलेली नाताळची झाडं आणून खुणेसाठी रस्त्याच्या कडेनं रोवायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून ट्रकमागे, बर्फावर बसून मासे धरायच्या लाकडी खोल्या ओढल्या जायच्या.

त्याच्या कागदावर कोणी वाद घातल्याचं ऐकिवात नाही. ‘बंद’ असेल तेव्हा शिव्या मात्र भरपूर खाल्ल्या त्याने.

आर्व्होने तीस वर्षं लोखंडाच्या खाणीत काढली होती. लग्न केलं नाही. रविवारी भावाच्या मुलीकडे, मार्लिसकडे, कॉफी आणि वेलदोड्याचा पाव. बोलणं कमी. तळ्यावरच्या प्रत्येकाकडे पेट्रोलवर चालणारं गिरमिट असताना हा एकटा हाताने फिरवायचं गिरमिट वापरायचा. चौदा इंच बर्फ, चाळीस भोकं, हातानं. लोक म्हणायचे, खाणीतल्या माणसाला यंत्राचा कंटाळा आला असेल.

२००६ च्या मार्चमध्ये त्याच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं की आता ते गिरमिट फिरवणं विसरा. नोव्हेंबरच्या अखेरीस गावसमितीचा लॉइड क्विसगार्ड त्याच्याकडे आला. बूट न काढता दारातच उभा राहिला.

“आर्व्हो, स्पष्टच बोलतो. पेट्रोलचं गिरमिट घे, नाहीतर काम सोड. माझा मेहुणा तयार आहे. त्याच्याकडे दहा इंच रुंद पात्याचं आहे, दोन तासांत पलीकडे पोचेल.”

“दोन तासांत?”

“एकदा सुरू केलं की बंदच करत नाही तो. भोक, चाल, भोक, चाल.”

“माहीत आहे,” आर्व्हो म्हणाला. “मी घेतो.”

यंत्र बंद न करण्यात लॉइडच्या मेहुण्याचं काही वेगळं नव्हतं. आमच्याकडे सगळेच तसं करतात. उणे पंचवीसमध्ये इंजिन एकदा गार पडलं की पुन्हा सुरू करायला दोरी ओढत बसावं लागतं. म्हणून एका भोकाकडून दुसऱ्याकडे जाताना ते हातात तसंच धडधडत ठेवायचं.

आर्व्होला ते बंद करायचं होतं. प्रत्येक भोकानंतर. त्यामुळे दुकानात इतर लोक ज्या गोष्टी विचारतात त्या त्याच्या कामाच्या नव्हत्या. पातं किती इंची, बर्फ किती वेगानं कापतं, हे त्याने विचारलंच नाही. त्याने डुएनला आदल्या दिवशी फोन करून एवढंच सांगितलं की पेट्रोलची तीन गिरमिटं रात्रभर मागच्या अंगणात बाहेर ठेव.

“बाहेर? नवी कोरी यंत्रं?”

“उबेत कुठलंही इंजिन शहाण्यासारखं वागतं.”

शनिवारी सकाळी मार्लिस त्याला गाडीतून घेऊन आली. तेव्हा ती बेचाळीसची होती, शाळेची बस चालवायची. अंगणात तीन गिरमिटं बर्फाच्या ढिगात उभी होती. पहिलं दहा इंची, बत्तीस पौंडांचं. आर्व्होने ते उचललं आणि परत ठेवलं. दुसरं आठ इंची. तिसरं सहा इंची, बावीस पौंडांचं, दिसायला खेळण्यासारखं. तिन्ही टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी. फोर-स्ट्रोकचं ऑइल थंडीत गोठल्यासारखं होतं आणि दोरी जड जाते, म्हणून डुएनने ती काढलीच नव्हती.

आर्व्होने सहा इंची जवळ ओढलं.

“अरे, सहा इंचाच्या भोकातून पाइक मासा कसा काढणार?” डुएन म्हणाला. “उभा चिरून?”

“मासे मी धरत नाही. बर्फ मोजतो.”

“मग घरी लसूण कुटायला ने.”

आर्व्होने हातमोजे काढले, खिशात घातले आणि दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं. त्याने बटण दाबून ते बंद केलं. मोठ्यानं म्हणाला, “एक.” थोडं थांबला, पुन्हा ओढलं. लागलं. बंद. “दोन.”

डुएनने मार्लिसकडे पाहिलं. तिने खांदे उडवले.

बारापर्यंत ठीक चाललं. सोळाव्याला त्याने डाव्या हाताने ओढून पाहिलं, पण मग यंत्र दुखऱ्या हाताने दाबून धरावं लागत होतं, ते जमेना. विसाव्यानंतर तो प्रत्येक वेळी वाकून श्वास घेऊ लागला. डुएन चेष्टा करायचं थांबला होता. सव्विसाव्याला दोरी अर्ध्यावर आली आणि आर्व्होचा हात तिथेच राहिला. त्याने दोरी हळूच परत जाऊ दिली.

“काका, पुरे,” मार्लिस म्हणाली. “सुरूच ठेव ना मग. सगळे ठेवतात.”

“नाही.”

“मग मला दे. मी येते तुझ्याबरोबर. मी ओढीन.”

“तू बंद करणार नाहीस.”

“का नाही करणार?”

“पाच भोकांनंतर कंटाळशील. तोही कंटाळायचा.”

“कोण तोही?”

आर्व्हो यंत्राकडे बघत बोलला. आवाज नेहमीसारखाच होता. चौऱ्याऐंशी साली रस्ता तपासण्याचं काम त्याच्या भावाकडे, म्हणजे मार्लिसच्या वडिलांकडे, रेइनोकडे होतं. रेइनो दहा इंची गिरमिट घेऊन पुढे चालला होता, इंजिन सुरू. आर्व्हो दोनशे पावलं मागून सामानाची घसरगाडी ओढत येत होता. नदी तळ्याला मिळते त्या भागात रेइनोच्या बुटांभोवतीचा बर्फ ओला होऊन काळा पडू लागला. ते मागून दिसत होतं. त्याला स्वतःला ते दिसत नव्हतं, कारण तो पुढच्या भोकाकडे निघाला होता.

“मी तीनदा ओरडलो,” आर्व्हो म्हणाला. “वारा नव्हता. ऐकू गेलं असतं.”

वडील बर्फ फुटून बुडाले एवढं मार्लिसला माहीत होतं. काका मागे होता, हेही माहीत होतं. ओरडण्याचं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

“आणि हाकेचंच नाही,” तो पुढे म्हणाला. “भोक पडलं की पाणी वर येऊन थांबतं. खालून प्रवाह असेल तर ते खळखळत राहतं. बर्फ लांबून तडकत आला तर तेही कळतं. हे सगळं ऐकायचं असतं. पट्टी नंतर.”

“बावीस वर्षांत सांगितलं नाहीस.”

“तू विचारलं नाहीस.”

“मी काय विचारणार होते, काका? ‘बाबांना हाक मारलीस का’ असं?”

डुएन म्हणाला की तो आत जाऊन कॉफी ठेवतो. कॉफी आधीच ठेवलेली होती.

मार्लिसने तिचे जाड हातमोजे घातले, बस साफ करताना वापरायचे ते. सहा इंची यंत्र धरलं, दोरी ओढली. पहिल्याच ओढीला लागलं. मग बंद करायला तिने अंगठा फिरवला. बटण सापडेना. ते लहान होतं, टाकीच्या खाली आत दबलेलं. तिने वाकून पाहिलं, दुसऱ्या बोटाने चाचपलं, शेवटी दातांनी हातमोजा काढला. तोवर इंजिन धडधडतच होतं.

“हे नको,” ती म्हणाली.

“हलकं आहे.”

“हलकं असेल. पण तू हे उघड्या हाताने करून बघितलंस. तिकडे उघड्या हाताने करशील?”

आर्व्होने खिसा चाचपला. त्याचे हातमोजे खिशातच होते. सव्विसाव्या खेपेपर्यंत त्याचं सगळं लक्ष दोरीवर होतं.

तिने आठ इंची उचललं. सत्तावीस पौंड. मुठीजवळ, अंगठा जिथे आपोआप टेकतो तिथेच, तांबडं रुंद बटण होतं. तिने हातमोज्यासकट ओढलं, लागलं, अंगठा दाबला, बंद. न मोजता ती करत राहिली. आर्व्हो मोजत होता. चाळीस झाल्यावर त्याने हात वर केला. तिने आणखी तीनदा ओढलं आणि मग ठेवलं.

“जड पडेल तुला, तीन मैल,” तो म्हणाला.

“माझ्या बसमध्ये अडतीस मुलं असतात. जड म्हणजे काय ते मला सांगू नकोस.”

आठ इंची घेतलं.

सहा जानेवारीला दोघं धक्क्यावरून निघाले. ती पुढे, तो मागे घसरगाडी घेऊन. काम सावकाश चाललं. भोक, बंद, थांबणं, पट्टी, पुन्हा दोरी. दुपारी दोनपर्यंत तीस भोकं झाली, सगळी तेरा-चौदा इंचांची. एकतिसावं नदीच्या तोंडापासून थोडं अलीकडे होतं. तिने इंजिन बंद केलं आणि खाली बसली. बराच वेळ उठली नाही. मग पट्टी घातली, नऊ इंच. वरचे चार इंच पांढरे, कच्चे. ती उठली आणि आपल्याच पावलांवरून मागे चालत आली.

“थांबलं का पाणी?” आर्व्होने विचारलं.

“नाही.”

त्याने घसरगाडी वळवली. स्वतः जाऊन ते भोक पाहिलं नाही.

धक्क्यावर सात-आठ ट्रक उभे होते, मागे खोल्या जोडलेल्या. आठवडाअखेर होती. लॉइड पुढे आला आणि सवयीने आर्व्होकडे पाहून म्हणाला, “काय? तीस भोकं मोजली आम्ही दुर्बिणीतून. चांगलाच आहे की. उघडा ना?”

आर्व्हो खाली वाकून घसरगाडीची दोरी सोडू लागला. गाठ ओली होती, डाव्या हाताने सुटायला वेळ लागत होता. त्याने मान वर केली नाही.

लॉइडने पुन्हा विचारलं.

“बंद,” मार्लिस म्हणाली. “पुढच्या शनिवारी परत बघते.”