तारेला लटकवलेला जार

कारेगावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे भाऊ लेकीच्या टेनिस रॅकेटची जाळी घरीच विणतात. रॅकेट खिडकीच्या गजाला आवळतात, ओवलेल्या तारेला पिण्याच्या पाण्याचा भरलेला जार लटकवतात आणि तार ताणली की चिमट्यात धरतात. प्रत्येक तारेला वजन सारखंच हवं, म्हणून जाळी होईपर्यंत त्या घरात कुणी पाणी पीत नाही.

परवा असंच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी लेकीची दौंडला मॅच होती आणि नेमक्या यवतहून भर उन्हात भाऊंच्या सासूबाई आल्या.

“पाणी द्या की, जावईबापू.”

“मामी, दोनच तारा ऱ्हायल्यात.”

“जीव जायला एक बी पुरंल.”

भाऊंनी रॅकेटकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि माझ्या दारात आले. एरवी ते माझ्याशी बोलत नाहीत, मीही नाही.

“ताई, तांब्याभर पाणी हाय का?”

मी माठातलं गार पाणी दिलं. त्यांनी ते थेंबही न सांडता नेलं आणि जारात ओतलं.

“मगाशी पोरीनं गुपचूप घेतलं व्हतं,” ते म्हणाले. “आता बराबर झालं.”

सासूबाई उठल्या. पिशवी उचलून माझ्या घरी येऊन बसल्या.